डोळा आधी की साखर

माझी आई तीस वर्षं मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत चेकर होती. चेकर म्हणजे शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, शिलाईवरून नजर फिरवायची आणि चूक दिसेल तिथे लाल बाणाचा छोटा स्टिकर चिकटवायचा. मग तो पीस शिवणाऱ्या बाईकडे परत जातो. आईच्या टेबलावरून परत गेलेल्या पीसांमुळे कोणकोणत्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, याची यादी तिला अजून पाठ आहे. तिला त्याचं वाईट वाटत नाही. बोलणं टाकलं तरी शिलाई सरळ यायला लागली, असं ती म्हणते.

रिटायर होताना कंपनीने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि लाल बाणांची दोन रिळं तिने स्वतःच पिशवीत टाकून आणली. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे घाटकोपरला राहायला आली, तेव्हा घड्याळ भावाकडे बोरिवलीला गेलं आणि रिळं आमच्याकडे आली.

तिला पंधरा-सोळा वर्षांपासून डायबिटीस आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी ती बोट टोचून मशीनवर साखर बघते आणि वहीत लिहिते. मी एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे, मला नीट ठेवलेल्या वह्या आवडतात. आईची वही नीट होती. ११८, १२४, १२१. मी महिन्यातून एकदा ती चाळायचे आणि जागेवर ठेवून द्यायचे.

गेल्या वर्षी नवरात्रानंतर आम्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला नवीन टाइल्स लावून घेतल्या. पांढऱ्या, साध्या. मिस्त्री जालन्याकडचा होता, हाताचा चांगला आणि बोलायला बरा. आठ दिवसांत त्याने काम संपवलं. नवव्या दिवशी तो हत्यारं न्यायला आला, तर भिंतीवर सतरा लाल बाण होते.

"आजी, हे काय?"

"रिजेक्ट," आई म्हणाली. "सांधे बघ. मधेच पोट काढलंय."

मिस्त्रीने पिशवीतून पाणसळ काढली आणि सांध्याला लावली. बुडबुडा मधोमध थांबला.

"बघा. सरळ आहे."

"तुझी पाणसळ दुरुस्त करून आण."

"आजी, ही माझ्या बापाची पाणसळ आहे."

"मग बापापासूनच वाकडं चाललंय."

त्याने मला हाक मारली. मी आले, बघितलं. मला सगळं सरळ दिसलं आणि मी तसं सांगितलं. आईने माझ्याकडे न बघता सांगितलं की, तुला दहावीपर्यंत स्वतःच्या युनिफॉर्मची उसवलेली बाही दिसत नव्हती, तू मधे पडू नको. हे खरं होतं. शिवाय तीस वर्षं ज्या बाईच्या नजरेवर कंटेनर भरून माल परदेशी गेला, तिच्या नजरेवर शंका घ्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मला ऑफिसला उशीर होत होता. मी मिस्त्रीला म्हटलं, ओट्याजवळच्या दोन ओळी काढ आणि परत लाव, वाद मिटेल.

त्याने काढल्या, परत लावल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाण. या वेळी बावीस.

मिस्त्री चिडला नाही. तो बराच वेळ भिंतीसमोर उकिडवा बसून राहिला आणि मग मला बाहेरच्या खोलीत घेऊन आला.

"ताई, एक बोलू का?"

"बोल."

"परवा बाण जिथे होते, त्यातल्या निम्म्या जागी आज नाहीत. आज जिथे आहेत, तिथे परवा नव्हते. त्या दोन ओळींना सोडून मी कुठेच हात लावलेला नाही. भिंतीत खोट असती तर ती एका जागी बसली असती. आजी जिथे बघतायत तिथे वाकडं होतंय." थोडं थांबून तो म्हणाला, "डोळे दाखवा त्यांचे."

मी आईला खिडकीशी उभं केलं आणि एकेक डोळा झाकून ग्रिलकडे बघायला सांगितलं. उजवा झाकला, डाव्याने गज सरळ दिसले. मग डावा झाकला.

"आई, गज कसे दिसतात?"

"गजांना पोट आलंय."

"कधीपासून?"

"गणपतीपासून."

"सांगितलं नाहीस ते?"

"मला वाटलं, चष्मा वाकलाय."

मिस्त्रीचे पैसे दिले, माफी मागितली. तो म्हणाला, माझ्या आजोळी पण एक म्हातारी होती अशी, आणि गेला. शहाण्या माणसाने यानंतर दुसऱ्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं. मी नेलं नाही. मला आजार कळला होता, असं मला वाटत होतं.

आमच्या कुटुंबात साखरेबद्दल माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. ती पायात उतरते, किडनीवर बसते, डोळ्यात चढते. आईची थोरली बहीण, माझी मावशी, कुडाळला साखरेनेच आंधळी झाली, हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे मी बोरिवलीला भावाला फोन केला तेव्हा त्यालाही काही विचारावं लागलं नाही.

"डोळ्यात गेली वाटतं," तो म्हणाला.

"तसंच दिसतंय."

"भात बंद कर तिचा. आणि रताळं. रताळं वाईट."

मी दोन्ही बंद केलं. घावणे बंद, बटाटा बंद, चहातली अर्धा चमचा साखर बंद. वहीतले आकडे चांगले आहेत हे मला दिसत होतं. पण आकडे चांगले असतील तर ते आणखी चांगले करता येतील आणि मग डोळा मागे वळेल, असा माझा हिशोब होता. दिवाळीत घरभर फराळाचे डबे होते आणि आईपुढे मी भाजलेले चणे ठेवले. तिने ते खाल्ले. एरवी मिठाचा अंदाज चुकला तरी सुनावणारी बाई सहा आठवडे एका शब्दाने बोलली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. मला वाटलं, सुधारली.

सहा आठवड्यांनी एका रविवारी आम्ही चहा पीत होतो. आईने डाव्या डोळ्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुला तोंड नाही."

"म्हणजे?"

"केस आहेत, कान आहेत. मधे काही नाही. राखाडी डाग आहे."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. माल उतरवून घेताना खोका मोकळा निघाला, तर ते जसं सांगतात तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तिला मुलुंडला एका डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान, कामापुरतं बोलणाऱ्या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, स्कॅन, पुन्हा स्कॅन, यात दुपार गेली. मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे फिरवला. पडद्याचा आडवा छेद होता, थरांच्या चिरोट्यासारखा, आणि मधोमध फुगलेला.

"वय झालं की पडद्याचा हा मधला भाग झिजतो," त्या म्हणाल्या. "काहींना त्याच्या खाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या झिरपतात. पाणी साठून पडदा वर उचलला जातो, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते. जास्त दिवस राहिलं की तिथे व्रण होतो, मग तेवढी नजर परत येत नाही."

"साखरेमुळे ना?" मी विचारलं.

"साखरेने डोळ्याला होतं ते वेगळं असतं. त्याची खूण यांच्या डोळ्यात नाही. हा वयाचा आजार आहे."

"म्हणजे साखरेचा संबंध नाही?"

"असंही म्हणता येणार नाही. डायबिटीसवाल्यांना हा आजार होण्याची शक्यता जास्त असावी, असं काही ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी दिसलेलं नाही. संबंध असू शकतो. पक्कं सांगता येत नाही. वय पक्कं आहे, सिगारेट पक्की आहे."

आई इतका वेळ डोळे मिटून बसली होती. "मी मशेरी लावायचे," ती म्हणाली.

"किती वर्षं?"

"लग्नाआधी. बारा-तेरा."

"मी सिगारेट म्हटलं."

"नाही. सिगारेट नाही," आई म्हणाली, आणि मला वाटलं तिला किंचित वाईट वाटलं. एक तरी कारण तिच्या हातात असतं.

उपाय होता. डोळ्यात इंजेक्शन, महिन्याला एक, आधी तीन आणि मग बघायचं. गेलेलं परत येईलच असं नाही. राहिलेलं वाचू शकतं. दिवस घालवायचे नाहीत. फक्त इंजेक्शनच्या आधी साखर ताब्यात हवी, नाहीतर धोका वाढतो. मी पर्समधून वही काढून पुढे केली. डॉक्टरांनी एक पान बघितलं, छान आहे म्हणाल्या आणि लॅबचा रिपोर्ट आणायला सांगितला.

घरी येताना भावाचा फोन आला.

"काय म्हणाली डॉक्टर? साखर?"

"नाही. वय."

"म्हणजे साखर नाही."

"तसंही नाही."

"मग फॅमिली ग्रुपवर काय लिहू?"

"वय लिही."

"वय काय कारण असतं का?" तो म्हणाला आणि त्याने ग्रुपवर साखर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन गेला. संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटी २६८. मी लॅबला फोन करून नळ्यांची अदलाबदल झाली का, हे जरा वरच्या आवाजात विचारलं. ते नाही म्हणाले. मग मी आईला स्वयंपाकघरात बसवलं, तिचं बोट टोचलं, मशीनवर थेंब घेतला आणि आकडा आला तसं मशीन तिच्याच हातात दिलं.

"किती?"

तिने मशीन लांब धरलं, जवळ आणलं, थोडं तिरकं केलं.

"एकशे एकवीस."

मशीनवर २९४ होते.

"वाचलंस की सांगितलंस?"

तिने मशीन माझ्या हातात परत दिलं. मग म्हणाली, "सांगितलं."

"कधीपासून सांगतेयस?"

"दिसेना तेव्हापासून. दोन्ही डोळे उघडे ठेवले की आकडे एकमेकांवर चढतात. मग नेहमीचे येतात तेच लिहायचे."

"मला विचारायचं होतंस. मी वाचून दाखवलं असतं."

"मग तुला कळलं असतं ना."

आता पुढचा प्रश्न विचारणं भाग होतं. गोळ्या बरोबर घेतेस का? सकाळची घेते, आई म्हणाली. संध्याकाळची दोन-अडीच महिन्यांपूर्वी बंद केली.

"का?"

"आकडे बरे होते म्हणून."

"कुठले आकडे?"

"वहीतले."

"तू लिहिलेले?"

"हो," ती म्हणाली.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. बटणाच्या काजातला एक सुटलेला दोरा जिने पास केला नाही, तिने स्वतःच्या वहीची पानंच्या पानं पास केली होती. मी तसं बोलूनही दाखवलं.

"ते लोकांचे पीस होते," आई म्हणाली.

साखरेने डोळा बिघडवला का, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. डोळ्याने साखर बिघडवली होती, हे मात्र माझ्या हातातल्या मशीनवर लिहिलेलं होतं. आणि मी सहा आठवडे भातावर पहारा देत बसले होते. घरातलं मशीन वाचायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नसतं.

इंजेक्शन पुढे गेलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि दहा-बारा दिवस द्या म्हणाले. डोळ्यातलं झिरपणं तेवढे दिवस चालू राहणार, हे मुलुंडच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. रोज सकाळी मी आईचं बोट टोचायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. दोन, एक, शून्य, असं सुटं सुटं म्हणायला लावायची. एकदा समोरच्या दारातल्या वहिनींना बोलावून त्यांच्याकडून खात्री करून घेतली. वहिनी म्हणाल्या, काकू, दोनशे दहाच आहेत, आणि मला विचारलं, कशाला खोटं सांगशील तू? मी म्हटलं, घरची पद्धत आहे.

त्याच दिवसांत एकदा भाजी निवडताना आईने आपणहून विषय काढला.

"कुडाळच्या ताईचे डोळे गेले तेव्हा सगळे काय म्हणाले ठाऊक आहे? चोरून खाल्लं असणार. घरात येणारा प्रत्येक जण. ती गेली तेव्हा दाराशी बसून पण म्हणत होते, जिभेला आवर नव्हता गो तिच्या. लग्नाआधी दहा वर्षं होते मी तिच्याबरोबर. ती चोरून खाणारी नव्हती."

"मग?"

"मग काय. डॉक्टरकडे गेलं की साखर सांगणार. साखर सांगितली की तुम्ही विचारणार, काय खाल्लंस. तू विचारलंसच."

"मी विचारलं नाही. मी बंद केलं."

"तेच ते."

मी शेंगांच्या शिरा काढत राहिले. त्या दुपारी मी तिला वाटीभर भात वाढला. फॅमिली डॉक्टरांनी तेवढा चालेल म्हणून सांगितलं होतं. तिने तो आमटी कालवून सावकाश खाल्ला आणि भात चिकट झालाय म्हणाली. मला बरं वाटलं.

बाराव्या दिवशी साखर १४२ आली आणि इंजेक्शन झालं. दोन मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर आई म्हणाली की, सुईपेक्षा डोळा उघडा ठेवायचा चिमटा वाईट, आणि आत काळे मणी तरंगतायत. मणी दुसऱ्या दिवशी गेले. पुढच्या महिन्यात दुसरं, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरं. भाऊ प्रत्येक वेळी बोरिवलीहून यायचा, बाहेर बसायचा आणि आई बाहेर आली की विचारायचा, फरक वाटतो? आई म्हणायची, तुला डोळ्यात सुई खुपसून घेतल्यावर लगेच वाटेल का?

तिसऱ्यानंतर पुन्हा स्कॅन झाला. पाणी आटलं होतं. पडदा बराचसा सपाट झाला होता, पण मधे एक पांढुरका ठिपका राहिला होता. तो व्रण. उजव्या डोळ्याने आईने तक्त्यावरच्या वरच्या तीन ओळी वाचल्या. चौथीला ती थांबली. तिने अंदाज केला नाही, दिसत नाही म्हणाली.

"एवढी नजर टिकवू शकतो," डॉक्टर म्हणाल्या. "अधूनमधून इंजेक्शन लागेल. याहून जास्त परत येणार नाही."

मी विचारलं, "आम्ही दीड-दोन महिने आधी आलो असतो तर?"

"तर जास्त वाचलं असतं."

"किती?"

"ते मला नाही सांगता येणार."

आई खुर्चीतून उठता उठता म्हणाली, "तिने नाही केला उशीर. गणपतीपासून मला माहीत होतं." डॉक्टरांनी मान हलवली. उशीर दोघींचा होता आणि तो वाटून घेतल्याने ओळी वाढणार नव्हत्या.

आता प्रश्न डाव्या डोळ्याचा आहे. त्यातही झीज दिसते, पण झिरपणं नाही. ते कधीही सुरू होऊ शकतं किंवा होणारही नाही. डॉक्टरांनी एक कागद दिला आहे, त्यावर चौकड्या आणि मधोमध ठिपका. रोज सकाळी उजवा झाकायचा, डाव्याने ठिपक्याकडे बघायचं. एक जरी रेघ वाकली तरी त्याच दिवशी यायचं. सहा आठवड्यांनी नाही. हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

कागद फ्रीजवर लावला. पहिले पंधरा दिवस मी रोज विचारायचे, रेघा कशा आहेत, आणि आई म्हणायची, सरळ. वाचते की सांगते, ते मला कळायला मार्ग नव्हता. तिला विचारून उपयोग नव्हता. ऑफिसात कोणी न वाचता सह्या करतं असा संशय आला, की मी मुद्दाम एक चुकीचा कागद मधे घालते. तेच केलं. चौकड्यांच्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. एकीवर डावीकडची तिसरी रेघ व्हाइटनरने पुसून पेनाने जरा बाक देऊन काढली. एका गुरुवारी सकाळी, ती अंघोळीला गेलेली असताना, कागद बदलला.

ती आली. उजव्या डोळ्यावर हात ठेवला, फ्रीजसमोर उभी राहिली.

"रेघा कशा आहेत?" मी कणीक मळता मळता विचारलं.

तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. माझे हात थांबले होते.

"डावीकडची तिसरी वाकडी आहे," आई म्हणाली. मग कागदाच्या आणखी जवळ गेली. "बॉलपेनाची आहे. पट्टी तरी धरायचीस."